जागल्यांचे डॉक्टर

पिसाळलेली म्हणून ठरवलेल्या एका बाईच्या तांब्यातलं उरलेलं पाणी आमच्या डॉक्टरांनी भर वॉर्डात, सगळ्यांच्या देखत घटाघटा पिऊन टाकलं, ही गोष्ट मी आजवर इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या सुना आता पहिल्या वाक्यालाच उठून स्वयंपाकघरात जातात. जाऊ देत. मी काही सांगायची थांबत नाही. नोकरीत मी पुष्कळ डॉक्टर पाहिले. हुशार पाहिले, देवमाणूस म्हणवून घेणारे पाहिले, आणि नुसतीच गळ्यात नळी अडकवून फिरणारे तर ढिगाने पाहिले. पण ज्यांच्यापुढे मान आपोआप खाली जावी असे ते एकटेच.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्याला एका धर्मादाय मंडळाचा लहानसा दवाखाना होता. आता तिथे भांड्यांची आणि चपलांची दुकानं आहेत. मी नागपूरला नर्सिंग शिकून तिथे लागले. आमची शेवटची खोली म्हणजे रक्तलघवी तपासायची जागा, आणि तिथे हे डॉक्टर बसायचे. मूळचे पुण्याकडचे, मुंबईला शिकलेले. एवढा शिकलेला माणूस रेल्वेसुद्धा नसलेल्या गावात कशाला येऊन बसला, याबद्दल बुलढाण्यात बरीच मतं होती. कोणी म्हणे बायकोशी पटत नाही. कोणी म्हणे मोठ्या दवाखान्यातून काढून टाकलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणायचे, "हवेसाठी आलो." यावर लोक हसायचे. मुंबई सोडून बुलढाण्याला हवा खायला कोण येतं? पण ते अक्षरशः खरं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सगळ्यात जोरात चालणारं मत म्हणजे डॉक्टर पितात. त्याला पुरावाही होता. ते सरळ चालत नसत. व्हरांड्यातून जाताना डावा तळहात भिंतीला लावून चालायचे, आणि दरवाजापासून त्यांच्या टेबलापर्यंत भिंतीवर त्या हाताचा एक तेलकट पट्टा उमटला होता. दिवाळीत चुना मारला की महिनाभरात पट्टा परत हजर. अंधार पडला की तर ते पाऊल टाकायच्या आधी पायाने जमीन चाचपायचे. मीही नवी असताना दोनदा त्यांच्याजवळून मुद्दाम जाऊन वास घेऊन पाहिला होता. फिनाइलशिवाय काही आलं नाही, तेव्हा मी ठरवलं की बिनवासाची पीत असतील.

बाकीच्या तऱ्हा तर विचारूच नका. बुलढाण्याच्या थंडीत, जेव्हा आम्ही दोन दोन स्वेटर घालून कुडकुडायचो, तेव्हा हा माणूस हौदातल्या गार पाण्याने अंघोळ करायचा आणि वर शीळ घालायचा. उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा. टेबलाशेजारी सुरई, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. चहा आला की त्याच्यावर साय धरेपर्यंत थांबायचे आणि मग ती बोटाने बाजूला करून गारढोण चहा प्यायचे. आमचा शिपाई म्हणायचा, "असा च्या पेन्यापेक्षा मानसानं उपाशी राहावं."

आणि ते सूक्ष्मदर्शक. वीज कधी यायची, कधी जायची, म्हणून ते आरशावर ऊन घेऊन काम करायचे. सकाळी टेबल पूर्वेच्या खिडकीशी, दुपारी व्हरांड्यात, संध्याकाळी पश्चिमेच्या दाराशी. टेबल हलवता हलवता शिपायाची कंबर मोडायची. काच ठेवली की एक डोळा मिटून वाकायचे आणि आधी म्हणायचे, "राम राम मंडळी." मग बराच वेळ गप्प. मग एकदम, "शहाणे हो! वा!" जणू आत कोणी नाटक करून दाखवत होतं.

एवढ्यावर भागत नसे. त्यांना जे दिसायचं ते सगळ्यांना दाखवायची त्यांना हौस होती. बस स्टँडवरचा कंडक्टर औषधाला आला, की पकड त्याचं बोट. कोर्टातले वकील आले, की पकड. "या महाराज, तुमचे जागले बघून जा." लोक आधी घाबरायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "आधी बघा, मग घाबरा." मग लोक डोळा लावायचे आणि आपल्याच रक्तातल्या त्या पांढऱ्या पेशी बघून तोंड उघडं ठेवून घरी जायचे.

जागले. हा शब्द त्यांनी कुठून उचलला देव जाणे. पुण्याचा माणूस, आमच्या भागात आल्यावर इथले शब्द गोळा करायचा आणि भलत्याच ठिकाणी वापरायचा. "मले काऊन" हे दोन शब्द तर ते मिठासारखे कशातही टाकायचे आणि पेशंट हसून हसून बेजार व्हायचे. पण 'जागले' ऐकून मला हसू आलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला काचेवर बोलावलं आणि म्हणाले, "बघा सिस्टर, हे जागले. गाव झोपतं, हे झोपत नाहीत."

मी ताठ उभी राहून म्हणाले, "माझे वडील गावचे जागल्या होते, डॉक्टर. आमच्या घरात तो शब्द कोणी हौसेने काढत नाही."

लोणारजवळचं आमचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या रात्रीची राखण आमच्याच लोकांच्या गळ्यात. आम्ही बौद्ध झालो तेव्हा वडिलांनी ती काठी चावडीत नेऊन ठेवली आणि परत उचलली नाही. मला वाटलं, डॉक्टर आता ओशाळतील, नाहीतर मला जातीपातीवर गोड गोड काहीतरी ऐकवतील. या दोन्हींची मला सवय होती. डॉक्टरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, मला बसवलं आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "मग मला एक सांगा. काळोखात माणूस आपल्या गावचा का परका, हे त्यांना कसं कळायचं?"

मी म्हणाले, "चालीवरून. खोकल्यावरून. कुत्री कशी भुंकतात त्यावरून."

"आणि चूक नाही व्हायची?"

माझ्या वडिलांच्या कामात काही अक्कल लागते, असं समजून त्याबद्दल विचारणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्या दिवशी मी त्यांना ती चूकही सांगितली. घराबाहेर मी ती कोणाला सांगितली नव्हती.

एका साली आमच्या शिवारात कापसाच्या चोऱ्या होत होत्या. चोर डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन येतो, असं कोणीतरी पाहिलं. पाटलांनी हुकूम सोडला: घोंगडीची खोळ दिसली की आधी काठी, मग विचारपूस. वडिलांनी एका पहाटे खोळ पाहिली आणि काठी घातली. पाटलांचाच धाकटा भाऊ, थंडी म्हणून घोंगडी घेऊन शेतावरून येत होता. त्याचा पाय जन्माचा अधू झाला. वडिलांना चावडीपुढे दिवसभर उन्हात उभं केलं. हुकूम कोणी दिला होता, हे गावातल्या एकालाही आठवलं नाही. वडील पुढे पुष्कळ वर्षं जगले, पण रस्त्यात कोणी लंगडत आलं की ते वाट बदलायचे.

डॉक्टर सगळं ऐकून हळूच म्हणाले, "जागल्याची काय चूक? त्याला खूणच चुकीची सांगितली होती." एवढंच. माझे वडील तेव्हा वारलेले होते. त्यांच्या कानावर हे एकदा पडायला हवं होतं.

आता पाटलीणबाई.

आमच्याच गावच्या त्या. वर सांगितलेल्या पाटलांच्या विधवा. त्यांच्या पायाला कुत्रं चावलं. गावकऱ्यांनी ते कुत्रं तिथेच ठेचून मारलं, त्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कळायचा मार्गच उरला नाही. मुलाने आईला आमच्याकडे आणलं, कारण "आपल्या गावची पोरगी तिथं नर्स हाये." तेव्हा कुत्रं चावलं की पोटात इंजेक्शनांचा एक मोठा खुराक घ्यावा लागे. बाई बुलढाण्यात नातलगाकडे राहिल्या आणि रोज सकाळी येऊन माझ्या हातून सुई टोचून घ्यायच्या. लुगडं सारून पोट पुढे करायच्या आणि छताकडे बघत म्हणायच्या, "टोच वं किसन्याची पोरी." किसन म्हणजे माझे वडील. अंगाला माझा हात लागलेला चालत होता. पण बाहेरच्या माठातलं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही, घरून कळशी आणायच्या. मी सगळं बघत होते. मला काही नवीन नव्हतं.

खुराक संपत आला आणि बाईंना ताप भरला. दुसऱ्या दिवशी पायांना मुंग्या, तिसऱ्या दिवशी मुलाने पाठीवर घालून आणल्या. पाय नुसते लोंबत होते. लघवी तुंबून पोट फुगलेलं. "माहे पाय हायेत का गेले, मले समजूनच नाई राह्यलं," म्हणत होत्या. घाईत कळशी घरीच राहिली होती.

मी पाणी दिलं. त्यांनी तोंड फिरवलं. तापाने ओठ फुटलेले, पण दात घट्ट. मी पुन्हा पेला पुढे केला तर हाताने उडवला आणि पाणी अंगावर सांडून त्या शहारल्या. मुलाने त्याच माठातून भरून दिलं, तरी तेच. माठ मी भरताना त्यांनी पाहिलं होतं ना! मुलगा पांढराफटक पडला. "माय पाण्याले भेऊन राह्यली," तो म्हणाला, आणि खाटेपासून दोन पावलं मागे सरला.

झालं. वॉर्डभर बोभाटा झाला. शेजारच्या खाटांवरचे लोक गाठोडी आवळून बाहेर. आमचे मोठे डॉक्टर आले, लांबूनच पाहिलं. पाण्याचं भय म्हणजे पिसाळ, आणि पिसाळ म्हणजे मागची खोली. त्या खोलीला बाहेरून कडी होती. वर्षभरापूर्वी तिथे एक माणूस पिसाळून मेला होता, आणि त्याला शेवटी पाणी द्यायलाही कोणी आत गेलं नव्हतं. एकदा का बाई त्या दाराआड गेल्या, की त्यांची तुंबलेली लघवी काढायलाही कोणी जाणार नव्हतं.

मी पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, त्यांना पाण्याचं भय नाही. त्यांना माझ्या हातचं नको आहे."

मोठे डॉक्टर चांगले माणूस होते, खादी वापरायचे. ते माझ्यावर रागावले. "सिस्टर, हे दिवस गेले आता. कायदा झालाय. आणि माझ्या दवाखान्यात असलं काही चालत नाही." मी म्हणाले, चालतं. तर म्हणाले, "आजारी बाईवर आळ घेऊ नका." मुलाला विचारावं तर तो जमिनीकडे बघत उभा. बाईंना विचारावं तर त्या नुसतं "मले नको" म्हणत होत्या. सगळ्यांसमोर खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटत होती. रोज पोटावर सुई घेतात त्या हाताचं पाणी नको, हे कोणत्या तोंडाने सांगणार? विटाळ होऊ नये म्हणून बाई मरायला तयार होत्या, आणि कायदा मोडला जातो हे मान्य करायला मोठे डॉक्टर तयार नव्हते. दोन शिपाई खाट उचलायला वाकले.

तेवढ्यात भिंतीवरून हाताचा सरसर आवाज आला. आमचे डॉक्टर, डोक्यावर ओला पंचा, भिंत धरत धरत आले. त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं. त्यांनी ना मला विचारलं, ना मोठ्या डॉक्टरांना. शिपायाला म्हणाले, "माझी सुरई आण. आणि बाहेरून यांच्या मुलाचा तांब्या." ज्या सुरईला कोणाचा हात लागलेला चालत नसे ती सुरई आली. डॉक्टरांनी तांब्या भरला, खाटेवर बसले, बाईंच्या मानेखाली हात घातला आणि म्हणाले, "माय, हे माझ्या खोलीतलं. मी स्वतः भरलंय. प्या."

बाई प्यायल्या. बाप रे, काय प्यायल्या! तांब्या दोन्ही हातांनी धरून, मधे श्वाससुद्धा न घेता. लुगडं भिजलं, गळ्यावरून ओघळ गेले. अर्ध्याहून जास्त संपलं तेव्हा धापा टाकत थांबल्या. डॉक्टरांनी तांब्या घेतला, वॉर्डात सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि उरलेलं पाणी तोंड लावून पिऊन टाकलं. पिसाळलेल्या माणसाच्या लाळेला लोक सापाइतके भितात. दारातली एक बाई किंचाळली. डॉक्टरांनी मिशी पुसली. मग, कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, ते उठून माझ्या माठापाशी गेले, पेला बुडवला आणि तोही पेला प्यायले.

शिपाई खाटेपासून मागे सरले.

मग सुरू झाली तपासणी. डॉक्टर टाचणी घेऊन बाईंच्या पायापासून वर टोचत गेले. "लागतं का?" नाही. "इथे?" नाही. बेंबीपाशी आले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता लागलं." त्यावर डॉक्टरांनी विचारलं, "इथे कमरेला कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं?"

"हो."

"मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून वीज जाते? पार टाचेपर्यंत?"

बाईंनी डोळे मोठे केले. "हे म्या पोरालेबी नाई सांगतलं. तुमाले कसं ठाऊक?"

"मले बी होते," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या तोंडून वऱ्हाडी त्या दिवशी पहिल्यांदाच बरोबर जागी पडली. कोणी हसलं नाही. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. खाटेची कड त्यांनी घट्ट धरली होती. भिंतीवरचा पट्टा, गार अंघोळ, ओला पंचा, गार चहा, बुलढाण्याची हवा, सगळं माझ्या डोक्यात एकदम आपापल्या जागी जाऊन बसलं.

त्यांनी बाईंच्या पाठीतलं पाणी काढलं आणि काच उन्हात धरून मला बोलावलं. नितळ दिसणाऱ्या त्या थेंबात बारीक गोल पेशी खच्चून भरल्या होत्या. एरवी तिथे जेमतेम एखादी सापडते. "आले बघा सगळे गोळा होऊन," ते म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनीही पाहिलं, आणि म्हणाले, "मलाही तोच संशय होता." डॉक्टर हो म्हणाले. त्यांना असल्या गोष्टींत रस नसायचा.

संध्याकाळी मुलगा रडत विचारायला लागला की मायला झालं तरी काय. डॉक्टर स्टूल घेऊन बसले. म्हणाले, "कुत्र्याचं हे इंजेक्शन मेंढीच्या मेंदूपासून करतात. ते वाईट नाही, त्याने कितीतरी जीव वाचतात, कुत्रं चावलं तर घ्यायलाच हवं. पण आपल्या नसांवर एक पातळ वेष्टण असतं. तारेवर रबर असतं तसं. मेंढीच्या नसांवरही जवळजवळ तसंच. आपल्या रक्तातले जागले मेंढीचं वेष्टण बघतात आणि ठरवतात, हा चोर. मग क्वचित एखाद्याच्या बाबतीत काय होतं, ते आपल्याच कण्यातल्या शिरांभोवती जमतात, शिरेची भिंत ओलांडून आत शिरतात, आणि तिथलं वेष्टण पाहून म्हणतात, हाही चोर. सोलून काढतात. तिथे सूज येते. पाय जातात."

मुलाला काही उमजेना. तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उजळला आणि मला कळलं ते काय सांगणार. "असं बघा महाराज. एका गावात एक पाटील होता. त्याने जागल्याला हुकूम दिला, की घोंगडीची खोळ दिसली..." त्यांना बिचाऱ्यांना गावाचं नाव मी कधी सांगितलंच नव्हतं. मी खुणा करत होते, पण डॉक्टर रंगात आले होते. त्यांनी खोळ सांगितली, पहाट सांगितली, काठी सांगितली, अधू झालेला पाय सांगितला.

बाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो पाटील माहा मालक होता."

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"पाय मोडला तो माहा देर," बाई बोलत राहिल्या. "हुकूम आमच्याच ओसरीवरून सुटला. म्या सोता ऐकला. किसन्याले उनात उभं केलं तवा घरात आमी सारे जानत होतो. कोनी बोललं नाई." मग माझ्याकडे मान वळवून, "किसन्याची चूक नव्हती."

मरेपर्यंत त्या माझ्या वडिलांना किसन्याच म्हणणार होत्या, ते मला दिसत होतं. पण जे ऐकायला माझे वडील जन्मभर थांबले ते मी ऐकलं. मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि आधीच उकळलेल्या कात्र्या पुन्हा उकळत बसले.

प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे जागल्यांना शांत करणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर रोज येऊन बाईंच्या पायांशी बसायचे. एके सकाळी बाईंच्या उजव्या पायाचा अंगठा किंचित हलला. डॉक्टरांनी शिपायाला हाक मारली, माळ्याला मारली, रस्त्यावरच्या भाजीवाल्यालाही आत ओढून आणलं. "बघा! बघा काय करतात हे! सोलतातही तेच, आणि आता आवरतंही घेतात!" भाजीवाला अंगठ्याला हात जोडून गेला.

मी बाईंची कूस बदलायचे, पाठीला पावडर लावायचे, नळी घालून लघवी काढायचे. त्या मला आशीर्वाद द्यायच्या. पाणी मात्र सुरईतलं. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही त्यांना एक शब्द बोलत नाही. उलट पाणी भरून देता. हे काय म्हणायचं?"

ते म्हणाले, "तुमचा राग खरा आहे. तिलाही कोणीतरी लहानपणी चुकीची खूण सांगितलीय, आणि तिच्या जागल्यांनाही. मला सध्या एकावरच औषध ठाऊक आहे, सिस्टर. आधी पाय."

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटत नाही. पण मी त्याच दिवशी त्यांना त्यांच्या आजाराबद्दल विचारलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपल्याकडे फारसा दिसत नाही, तो नेमका त्यांच्या वाट्याला आला होता. "नाव मोठं आहे, त्याचा उपयोग काही नाही. बाईंचे जागले एकदाच फसले. माझ्या जागल्यांना दर थोड्या महिन्यांनी नवा चोर दिसतो. कधी डोळ्यात, कधी पायात. उष्णतेने जास्त होतं. त्यांना हुकूम कोणी दिला, हे अजून जगात कोणाला सापडलेलं नाही." मी विचारलं, तुम्हाला त्यांचा राग नाही येत? त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "राग? अहो, लहानपणी मला देवी आल्या होत्या तेव्हा यांनीच वाचवलं. जन्मभर डोळ्याला डोळा नाही लावला त्यांनी."

बाई काठी टेकत घरी गेल्या. जाताना "येते वं पोरी" म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. पाणी तेव्हाही सुरईतलंच प्यायल्या.

डॉक्टरांचं मात्र पुढे उतरत गेलं. आधी सूक्ष्मदर्शकाला लावायचा तो डोळा अंधुक झाला. मग काच मी बघायचे आणि ते शेजारी बसून विचारायचे, "काय चाललंय मंडळींचं?" मी सांगायचे, ते ऐकता ऐकता हसायचे. मग हात कापायला लागले. व्हरांड्यातली खुर्ची आणि खुर्चीतले ते, शिपाई त्यांना उन्हातून सावलीत आणि सावलीतून सावलीत हलवायचा. भिंतीवरचा पट्टा चुना लावल्यावर परत उमटला नाही, तेव्हा शिपाई तिथे उभा राहून डोळे पुसत होता.

त्या उन्हाळ्यात पाटलीणबाई आल्या. लोणारहून बसने, मेहकर-चिखली करत, निम्मा रस्ता उभ्याने. बरोबर कोणी नाही, हातात काठीही नाही. स्वतःच्या पायांनी व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आल्या आणि खुर्चीतल्या डॉक्टरांना पाहून थबकल्या. त्यांना हे कोणी कळवलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांच्या पावलांकडे बघितलं. जेवढं दिसत होतं तेवढ्यानेच त्यांचा चेहरा फुलला. "चाला," ते म्हणाले. "पुन्हा एकदा चाला, माय." बाई पदर खोचून व्हरांडाभर चालल्या, गेल्या आणि आल्या. डॉक्टर लहान मुलासारखे बघत होते. "शहाणे हो," ते पुटपुटले. "वा."

ऊन मी म्हणत होतं. डॉक्टरांच्या ओठांना कोरड पडली होती. बाई माझ्याकडे वळल्या. "पाणी आन वं पोरी, डॉक्टरसायबाले."

सुरई केव्हाच फुटली होती. मी माठातून पेला भरून आणला आणि बाईंच्या हाती न देता, नेहमीच्या सवयीने स्टुलावर ठेवायला वाकले. बाईंनी तो माझ्या हातातूनच घेतला. डॉक्टरांच्या मानेखाली हात घातला, त्यांनी पूर्वी घातला होता तसा, आणि पेला ओठांना लावला. डॉक्टरांची मान कापायची, पाणी सांडत होतं. अर्धा पेला त्यांनी घेतला आणि पुरे म्हणून मान हलवली.

बाईंनी पेल्यात पाहिलं. मग कपाळाचा घाम पुसला आणि उरलेलं पाणी तोंड लावून एका दमात पिऊन टाकलं. रिकामा पेला माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आनखी एक भर."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. बाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांना काही दाखवायचं नव्हतं की काही फेडायचं नव्हतं. लांबून उन्हातून आल्या होत्या आणि त्यांना तहान लागली होती.